आजपासून करार रद्द

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एसटी स्टँडवर उतरून थोडं पुढे गेलं की फ्रँचायझीचा धंदा दिसायला लागतो. ‘अमृततुल्य’ लिहिलेलं चहाचं दुकान, शेजारी कुरियरचं काउंटर, वरच्या मजल्यावर रक्ततपासणीचं कलेक्शन सेंटर, मागच्या गल्लीत रंगीबेरंगी भिंतींची प्ले-स्कूल. पाटीवरचं नाव पुण्या-मुंबईचं किंवा थेट परदेशी. गल्ल्यावर बसलेला माणूस मात्र गावातलाच. जागेचं डिपॉझिट, फर्निचर, मशिनरी आणि फ्रँचायझी फी यांत त्याने वडिलांच्या निवृत्तीचे पैसे घातलेले असतात, नाहीतर सोनं गहाण ठेवलेलं असतं. कपाटात कुठेतरी एक करार असतो, इंग्रजीत, चाळीसेक पानांचा. त्याच्या शेवटाकडे ‘टर्मिनेशन’ नावाचं कलम असतं. ते सहीच्या दिवशी सहसा वाचलं जात नाही. धंद्याच्या मुहूर्तालाच धंदा कसा बंद होईल याची चर्चा करणं आपल्याकडे अपशकुन मानतात, आणि समोर बसलेला कंपनीचा सेल्समनही तो अपशकुन होऊ नये याची पुरेपूर काळजी घेतो.

या कलमाचे साधारण दोन भाग असतात. पहिल्यात लिहिलेलं असतं की फ्रँचायझीधारकाने अटी मोडल्या तर कंपनी नोटीस देईल, चूक सुधारायला पंधरा किंवा तीस दिवस मिळतील, आणि तेवढ्यात सुधारणा झाली नाही तर करार संपेल. दुसऱ्या भागात कारणांची एक यादी असते आणि तिच्या वर एकच वाक्य: पुढीलपैकी काहीही घडल्यास कंपनी तत्काळ करार रद्द करू शकेल. मुदत नाही, सुधारणेला वाव नाही. सकाळी ईमेल येतो आणि दुपारपर्यंत बिलिंग मशीनचं लॉगिन बंद होतं. डिलिव्हरी ॲपवरून दुकान गायब होतं, माल घेऊन निघालेला टेम्पो अर्ध्या रस्त्यातून परत फिरतो.

हे पुस्तक या दुसऱ्या भागाबद्दल आहे. कारणांच्या त्या याद्या वाचून आणि त्यांवरून झालेले वाद पाहून माझं एक मत बनलं आहे, ते आधीच सांगून टाकतो. करार तडकाफडकी संपवायला खरोखर योग्य असलेली कारणं मोजकीच असतात, आणि त्या सगळ्यांत एक समान गोष्ट असते: मुदत दिली तरी बिघडलेलं दुरुस्त होणार नसतं, किंवा मुदतीच्या काळात तिसऱ्याच कुणाचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, नुकसान होणार असतं. यादीतली बाकीची कारणं म्हणजे पहिल्या भागातल्या साध्या तक्रारी, कंपनीच्या सोयीसाठी दुसऱ्या भागात आणून बसवलेल्या.

भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. ही गोष्ट अनेकांना खरी वाटत नाही, कारण हॉटेलपासून शाळेपर्यंत सगळीकडे हा शब्द कानावर पडतो. पण करार करण्याआधी कंपनीने काय उघड करायचं, मुदत किती द्यायची, कोणत्या कारणावरून करार तत्काळ संपवता येईल, यातलं काहीही कुठल्या अधिनियमात लिहिलेलं नाही. १८७२चा करार कायदा आहे, १९६३चा स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट आहे, १९९९चा ट्रेडमार्क कायदा आहे, लवादासाठी १९९६चा कायदा आहे. आणि या सगळ्यांच्या मधोमध ती चाळीस पानं. कायदा जिथे गप्प आहे तिथे ती पानं बोलतात, आणि ती कंपनीच्या वकिलाने लिहिलेली असतात.

जिथे कायदा बोलतो तिथे काय दिसतं, हे शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियात १९९८पासून फ्रँचायझीसाठी बंधनकारक संहिता आहे. तिच्या २०१४च्या आवृत्तीत तत्काळ समाप्तीची कारणं ठरवून दिली होती: धंद्याला लागणारा परवाना हातात न राहणं, दिवाळखोरी, दुकान स्वतःहून सोडून जाणं, गंभीर गुन्ह्यात दोषी ठरणं, सार्वजनिक आरोग्य किंवा सुरक्षितता धोक्यात येईल असं दुकान चालवणं, धंद्यात फसवणूक करणं, आणि दोघांच्या संमतीने करार संपवणं. साधारण एवढीच. बाकी कुठल्याही चुकीसाठी आधी नोटीस आणि सुधारायला वाजवी मुदत. गंमत म्हणजे २०२१मध्ये तिथल्या सरकारला ही मोजकी यादीही जरा सैल वाटली. अशा कारणांसाठीसुद्धा सात दिवसांची नोटीस द्यावी, अशी दुरुस्ती तेव्हा झाली. म्हणजे निदान वाद उपस्थित करायला तरी माणसाला वेळ मिळावा. कॅलिफोर्नियाच्या १९८०च्या कायद्याची यादी यापेक्षा लांब आहे, पण तिची तऱ्हा तीच. सलग पाच दिवस दुकान बंद ठेवलं तर ते सोडून दिल्यासारखं धरावं, इतक्या बारकाव्यात तो कायदा जातो. पैसे थकले तरी आधी लेखी नोटीस द्यायची, पाच दिवस थांबायचं आणि मगच करार तोडायचा.

आपल्याकडच्या करारांत थकबाकी बहुतेक वेळा थेट दुसऱ्या भागात सापडते. रॉयल्टी एक दिवस उशिरा आली तरी कंपनी करार रद्द करू शकेल, अशी भाषा मी वाचली आहे. व्यवहारात एका दिवसासाठी कुणी करार तोडत नाही. पण कलम तिथे असतं आणि वर्षभराने, दुसऱ्याच कुठल्या कारणावरून बिनसल्यावर, ते उपयोगी पडतं.

याच्या उलट टोकाला काही कारणं अशी आहेत की त्यांवर वाद घालणाऱ्याची मला कीव येते. परवाना हे त्यातलं पहिलं. खाद्यपदार्थांचं दुकान असेल तर २००६च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली परवाना किंवा नोंदणी लागते, स्थानिक संस्थेच्या परवानग्या लागतात, गुमास्ता लागतो. परवाना निलंबित झाल्यावर दुकान चालू ठेवणं हाच गुन्हा. तिथे कंपनीने तीस दिवस वाट पाहावी म्हणजे तिने त्या गुन्ह्यात सामील व्हावं, असंच म्हणण्यासारखं आहे. तरीही एक फरक करायला हवा. परवाना रद्द होणं वेगळं आणि नूतनीकरणाचा अर्ज महापालिकेच्या टेबलावर पडून राहणं वेगळं. करारात हा फरक लिहून घेता येतो. कंपन्याही तो मान्य करतात, कारण त्यांच्या स्वतःच्या दुकानांचे अर्जही त्याच टेबलावर पडलेले असतात.

दुसरं कारण विक्री लपवण्याचं. रॉयल्टी विक्रीच्या टक्क्यावर असते, म्हणून विक्री कमी दाखवली की कंपनीचा वाटा परस्पर खिशात जातो. याचं आजचं रूप फार साधं आहे. गल्ल्यावर कंपनीच्या मशीनला जोडलेला क्यूआर कोड असतो, आणि त्याच्या शेजारी, गर्दीच्या वेळी, मालकाच्या मेहुण्याच्या नावाचा दुसरा कोड उभा राहतो. गिऱ्हाईक कुठलाही स्कॅन करतं. बिल फाडलं जात नाही. हे कंपनीला कसं कळतं? बँकेच्या खात्यातून नव्हे, कारण ते तिला दिसतच नाही. कळतं ते कपांवरून. महिन्याला अमुक हजार कागदी कप नेले आणि बिलं त्याच्या निम्म्या चहाची झाली, तर उरलेले कप गेले कुठे? फुटलेले, सांडलेले, नातेवाइकांना पाजलेले असे धरूनही हिशेब जुळत नाही. तपासणीला येणारा माणूस आधी गोदामात जातो तो यासाठीच. अशा प्रकरणात सुधारणेची मुदत द्यायला अर्थ नसतो. तीस दिवसांत तो दुसरा कोड काढून टाकेल, पण मागच्या वर्षाचे पैसे आणि कंपनीचा गेलेला भरवसा त्या तीस दिवसांत परत येत नाही. करार कायद्याच्या दृष्टीनेही समोरच्याने करारच मोडून टाकला, असं म्हणायला इथे जागा आहे.

पण ‘बाहेरचा माल’ ही तक्रार याच्याच शेजारी बसवली जाते, तिथे मी सहमत नाही. कंपनीचं चीज संपलं, टेम्पो दोन दिवस आला नाही, म्हणून दुकानदाराने बाजारातून चीज आणलं. ही चूक आहे. पण तेवढ्याने गिऱ्हाइकाला अपाय झाला नाही आणि कंपनीची फसवणूकही झाली नाही. हे पहिल्या भागातलं, नोटीस द्यायचं प्रकरण आहे. तोच माणूस निकृष्ट तेल किंवा भेसळीचं दूध वापरत असेल तर गोष्ट वेगळी. बऱ्याच करारांत या दोन्हींसाठी एकच ओळ असते: कंपनीने मान्य न केलेला कच्चा माल वापरल्यास. ती ओळ दोन तुकड्यांत लिहून मागा, हा सल्ला पुस्तकात दोनदा आला आहे आणि तो मुद्दाम दोनदा ठेवला आहे.

तत्काळ समाप्तीची शिस्त भारतात कुठे सगळ्यांत बारकाईने लिहिलेली असेल तर ती पेट्रोलपंपांच्या बाबतीत. डीलर आणि तेल कंपनी यांचं नातं फ्रँचायझीसारखंच असतं: पाटी कंपनीची, माल कंपनीचा, जोखीम डीलरची. सरकारी तेल कंपन्यांच्या मार्केटिंग शिस्तीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गैरप्रकारांची प्रतवारी आहे. भेसळ, मीटरच्या सीलशी छेडछाड, मशीनमध्ये परवानगीशिवाय बसवलेले भाग, हे सगळ्यांत वरच्या प्रतीचे. त्यात पहिल्याच वेळी डीलरशिप संपते. २०१७मध्ये आधी उत्तर प्रदेशात आणि मग पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे पोलिसांनी पंपांवर छापे घातले, तेव्हा मापात मारण्यासाठी मशीनमध्ये बसवलेल्या चिपा सापडल्या होत्या. वरची प्रत ठेवली आहे ती असल्या प्रकारांसाठी. पण एवढ्या गंभीर बाबतीतसुद्धा आधी कारणे दाखवा नोटीस निघते, नमुने ठरलेल्या पद्धतीने घ्यावे लागतात आणि डीलरचं म्हणणं ऐकावं लागतं. हरबंसलाल साहनिया विरुद्ध इंडियन ऑइल या २००३ साली छापून आलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डीलरशिप रद्द केल्याचा आदेशच रद्द ठरवला, कारण ज्या कारणावर तो उभा होता ते कारण टिकणारं नव्हतं. लवादाचं कलम करारात असूनही उच्च न्यायालयात रिट करता येते, हेही त्याच निकालाने सांगितलं.

हा निकाल दाखवून चहाच्या किंवा प्ले-स्कूलच्या फ्रँचायझीधारकाला आशा लावणारे लोक भेटतात. त्यांना एक गोष्ट सांगावी लागते. इंडियन ऑइल सरकारी कंपनी आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुच्छेदाप्रमाणे ती ‘राज्य’ या व्याख्येत बसते, म्हणून तिला मनमानी करता येत नाही आणि म्हणूनच रिट चालते. खासगी ब्रँडवर असं कुठलंच बंधन नाही. त्याच्याविरुद्ध जे काही आहे ते करारातूनच उभं करावं लागतं.

आणि करारातून उभं करायला गेलं की १९९१ साली छापून आलेला एक निकाल आडवा येतो: इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस. अमृतसरच्या एका गॅस वितरकाची एजन्सी १९८३मध्ये तक्रारींवरून काढून घेतली होती. लवादाने ती परत द्या असं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा निष्कर्ष, म्हणजे एजन्सी चुकीच्या तऱ्हेने काढली हा, हलवला नाही. पण एजन्सी परत देण्याचा आदेश मात्र पुसून टाकला. कारण करारात आणखी एक कलम होतं: कुठल्याही बाजूने तीस दिवसांची नोटीस देऊन, कारण न सांगताही, करार संपवता येत होता. असा करार आपल्या स्वभावानेच संपवता येण्याजोगा, म्हणून स्पेसिफिक रिलीफ ॲक्टप्रमाणे तो जबरदस्तीने चालू ठेवता येत नाही. मग वितरकाला मिळालं काय? तीस दिवसांच्या कमाईइतकी भरपाई.

हा निकाल वाचून झाल्यावर तुमच्या करारातलं ‘विनाकारण नोटीस’चं कलम पुन्हा एकदा पाहा. दुसऱ्या भागातल्या कारणांची यादी कितीही काळजीपूर्वक घासून घेतली, आणि शेजारी ‘कंपनी तीस दिवसांची नोटीस देऊन केव्हाही करार संपवू शकेल’ हे वाक्य तसंच राहिलं, तर ती सगळी मेहनत पाण्यात. कंपनीने चुकीच्या कारणावरून तुम्हाला काढलं असं कोर्टात सिद्ध झालं तरी हिशेब तीस दिवसांचा. वीस लाख घालून उभ्या केलेल्या दुकानाला एका महिन्याचा नफा. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या २०१८च्या दुरुस्तीने करार अमलात आणून मागण्याचा हक्क एकूण बळकट केला, पण आपल्या स्वभावाने संपवता येणाऱ्या करारांचा अपवाद तसाच ठेवला. फक्त ठरावीक कारणांवरूनच संपवता येणारा करार या अपवादात येतो की नाही, यावर उच्च न्यायालयांमध्ये एकवाक्यता नाही. तेवढ्या फटीत वकिलाला काम करता येतं. विनाकारण नोटिशीचं कलम असेल तर ती फटही उरत नाही.

देशातलं सगळ्यांत गाजलेलं फ्रँचायझी प्रकरण मॅकडोनाल्डचं. ते इथे थोडं तपशिलात सांगतो, कारण वर्तमानपत्रांनी त्याची गोष्ट दोन भागीदारांचं भांडण म्हणून सांगितली, आणि त्यातला करारसमाप्तीचा धडा बाजूला राहिला. १९९५मध्ये कंपनीने उत्तर आणि पूर्व भारतासाठी विक्रम बक्षी यांच्याबरोबर निम्मी-निम्मी भागीदारी केली. भागीदारीतल्या कंपनीचं नाव कनॉट प्लाझा रेस्टॉरंट्स. पश्चिमेचं काम मुंबईच्या जटिया कुटुंबाच्या हार्डकॅसल रेस्टॉरंट्सकडे होतं आणि ते फारशी खळखळ न होता चालत राहिलं. ऑगस्ट २०१३मध्ये बक्षींना व्यवस्थापकीय संचालकपदी पुन्हा निवडलं नाही. ते कंपनी लॉ बोर्डात गेले. प्रकरण पुढे एनसीएलटीकडे, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, आलं आणि जुलै २०१७मध्ये न्यायाधिकरणाने बक्षींना पदावर परत बसवलं. इकडे जूनच्या शेवटी दिल्लीतल्या ५५पैकी ४३ दुकानांना कुलूप लागलं होतं. खानावळीच्या परवान्यांचं नूतनीकरण झालं नव्हतं. आणि २१ ऑगस्टला मॅकडोनाल्डने १६९ दुकानांचे फ्रँचायझी करार संपवल्याचं जाहीर केलं: रॉयल्टी थकवण्यासह अटींचा भंग झाला, संधी देऊनही तो दुरुस्त झाला नाही, आता पंधरा दिवसांत नाव, चिन्ह, पदार्थ सगळं वापरणं थांबवा.

इथे दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. परवान्याचं कारण, जे अशा अनेक याद्यांत तत्काळ समाप्तीला पुरेसं ठरतं, ते जूनमध्येच हातात होतं. करार त्यावर तोडला नाही. तोडला तो थकबाकी आणि अटीभंगावर, आणि तोही ‘संधी दिली होती’ हे वाक्य बरोबर ठेवून. इतक्या अनुभवी फ्रँचायझी कंपनीलासुद्धा पहिल्या भागाची पायवाट सुरक्षित वाटली. दुसरी गोष्ट अशी की करार संपल्यावरही दुकानं चालूच राहिली. सप्टेंबरची मुदत उलटली, बर्गर विकले जात होते. डिसेंबरमध्ये माल पुरवणाऱ्या कंपनीने पुरवठा थांबवला तेव्हा कुठे कितीतरी दुकानांची शटर खाली आली. लंडनच्या लवादाने बक्षींचा हिस्सा विकण्याच्या बाजूने निर्णय दिला होता, पण प्रकरण खऱ्या अर्थाने मिटलं ते मे २०१९मध्ये, मॅकडोनाल्डने तो हिस्सा तडजोडीने विकत घेतल्यावर. म्हणजे ऑगस्टमध्ये रद्द झालेल्या करारांचा शेवट व्हायला पावणेदोन वर्षं लागली. बक्षींकडे वकील होते, निम्मी मालकी होती, १६९ दुकानांतल्या नोकऱ्यांचं वजन होतं. एका दुकानाच्या मालकाकडे यातलं काहीच नसतं. त्याच्यासाठी डिसेंबरमधला पुरवठा बंद हा पहिल्याच दिवशी येतो.

पुन्हा कारणांच्या यादीकडे येऊ. त्यातलं मालकी बदलण्याचं कारण मराठी माणसाला हमखास अडकवतं. करार बायकोच्या नावावर, दुकान चालवणार नवरा. पुढे धाकट्या भावाला कामाला लावायचं म्हणून त्याला भागीदार करून घ्यायचं. किंवा बँकेने मागितलं म्हणून प्रोप्रायटरी फर्मची प्रायव्हेट लिमिटेड करायची. घरात हे सगळं एकच मानलं जातं. करारात ते ‘नियंत्रणातील बदल’ असतं आणि लेखी संमतीशिवाय केलं तर तत्काळ समाप्तीचं कारण ठरतं. कंपन्या या बाबतीत इतक्या हळव्या का, हे गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या १९९५च्या निकालावरून समजतं. कोका-कोलाचा माल भरणाऱ्या अहमदाबाद-राजकोटच्या बॉटलिंग कंपनीचे शेअर पेप्सीच्या गटाने घेतले. रातोरात फ्रँचायझीधारक प्रतिस्पर्ध्याचा झाला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि नोटिशीच्या काळात दुसऱ्याचा माल भरायचा नाही ही मनाई कायम राहिली. धाकट्या भावाची गोष्ट पेप्सीची नव्हे हे कंपनीलाही कळतं. म्हणून आई-वडील, जोडीदार, मुलं आणि सख्खी भावंडं यांना हस्तांतर करताना फक्त कळवणं पुरे, संमती लागणार नाही, असं वाक्य घालून मागावं. मृत्यूनंतर वारसांना धंदा चालवायला किमान सहा महिने मिळावेत, हेही त्याच कलमात.

दिवाळखोरीबद्दल थोडक्यात. करारांत ती जवळजवळ नेहमीच तत्काळ समाप्तीचं कारण असते. फ्रँचायझीधारक कंपनी असेल आणि २०१६च्या दिवाळखोरी संहितेखाली प्रक्रिया सुरू झाली असेल, तर केवळ तेवढ्या कारणावरून केलेली समाप्ती एनसीएलटी थांबवू शकतं, असं २०२१च्या गुजरात ऊर्जाच्या निकालाने दाखवलं. पण त्याच वर्षी टाटा कन्सल्टन्सीच्या प्रकरणात, सेवेतल्या खऱ्या त्रुटींवरून तोडलेल्या कराराला हे संरक्षण नाही असंही सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. दुकान एकट्याच्या नावावर असेल, आणि बहुतेक दुकानं तशीच असतात, तर गाडी अजून इंग्रजांच्या काळातल्या दिवाळखोरीच्या कायद्यांवरच अडलेली आहे.

कंपनीच्या बाजूनेही काही गोष्टी बिघडतात. सगळ्यांत नेहमीची म्हणजे माहीत असूनही गप्प बसणं. मार्चमध्ये दुसरा क्यूआर कोड सापडला, तपासणीच्या कागदावर नोंद झाली, त्यानंतर एप्रिल, मे, जूनची रॉयल्टी कंपनीने निमूटपणे घेतली आणि जुलैमध्ये त्याच कारणावरून करार तत्काळ रद्द केला. चार महिने थांबता आलं ते कारण तत्काळ कसं? ‘कंपनीच्या मौनाचा अर्थ हक्क सोडला असा होणार नाही’ असं एक कलम जवळजवळ प्रत्येक करारात असतं आणि कंपनीचे वकील तेच पुढे करतात. तरीही लवादापुढे हा मुद्दा वजन ठेवतो, विशेषतः त्या चार महिन्यांत कंपनीच्या एरिया मॅनेजरने व्हॉट्सॲपवर ‘पुढच्या वेळी काळजी घ्या’ एवढंच लिहिलं असेल तर. ते मेसेज जपून ठेवावेत. मोबाइल बदलताना जातात ते नेमके हेच.

करार संपल्यानंतरचा पहिला आठवडा कसा काढायचा यावर पुस्तकात वेगळं प्रकरण आहे. पाटी उतरवायला उशीर झाला की ट्रेडमार्क भंगाचा दावा येतो, आणि मुंबई उच्च न्यायालयाकडून कोर्ट रिसीव्हर दारात उभा राहू शकतो. त्यामुळे समाप्ती चुकीची आहे अशी तुमची कितीही खात्री असली तरी पाटी झाकावी, आणि भांडण लवादात भरपाईसाठी करावं. मालकाला हे पटवणं हे आम्हा वकिलांचं सगळ्यांत अवघड काम. डिपॉझिट जप्त करताना कंपनीला नुकसान दाखवावं लागतं, नुसतं कलम दाखवून भागत नाही. कैलाशनाथ असोसिएट्सच्या २०१५च्या निकालाने ते सांगितलं आहे. आणि ‘दोन वर्षं याच प्रकारचा धंदा करू नये’ ही अट करार संपल्यावर करार कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमापुढे सहसा टिकत नाही. २००६मध्ये हे पुन्हा अधोरेखित झालं ते एका क्रिकेटपटूच्या खटल्यात: आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानला करार संपल्यावरही बांधून ठेवू पाहणाऱ्या व्यवस्थापन कंपनीला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. फक्त कंपनीची खास कृती, नाव, रंगसंगती वापरायची नाही. साधा चहा विकायला कुणी अडवू शकत नाही.

शेवटचं प्रकरण जागेच्या करारावर आहे, आणि फ्रँचायझीच्या पुस्तकात ते कशाला, असं प्रकाशकांनीही विचारलं होतं. जागा लीव्ह अँड लायसन्सवर घेतलेली असते, पाच वर्षांची, त्यात तीन वर्षांचा लॉक-इन. फ्रँचायझी करार आठव्या महिन्यात एका ईमेलने संपतो, पण जागामालकाशी केलेला करार संपत नाही. उरलेल्या अठ्ठावीस महिन्यांचं भाडं तो कायदेशीरपणे मागतो. दुकानदाराचं सगळ्यांत मोठं नुकसान अनेकदा इथेच होतं, कंपनीकडे नव्हे. फ्रँचायझी कंपनीने करार संपवला तर लॉक-इनही तीन महिन्यांच्या भाड्यावर सुटेल, अशी एक ओळ नोंदणीआधी जागेच्या करारात घालून घेता येते. जागामालक सुरुवातीला नाही म्हणतात. एखाद्या महिन्याचं डिपॉझिट वाढवून दिलं की बरेच जण तयार होतात, कारण फ्रँचायझीची पाटी लावणारा भाडेकरू त्यांनाही हवाच असतो.